वहिनीचे पहारेकरी

माझं लग्न दोन वर्षं लांबलं ते एका थर्मामीटरमुळे. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बाप्पा, तुमचं काय जाते!

थर्मामीटर माझ्या वहिनीचा. तिचं नाव चंद्रकांता, माहेर नदीपलीकडचं कारधा. चौऱ्याहत्तर साली ती माझ्या मोठ्या भावाची, घनश्यामदादाची, बायको होऊन भंडाऱ्यातल्या आमच्या विणकर गल्लीत आली. अंगानं काडी, डोळे पिवळसर, आणि दर पावसाळ्यात ताप. कधीकधी हातपाय असे दुखायचे, की तिचं रडणं ऐकून शेजारच्या शकुबाई तेलाची वाटी घेऊन धावत यायच्या. कुणी म्हणे कावीळ, कुणी म्हणे नजर लागली.

एकोणऐंशी साली दादा तिला नागपूरला घेऊन गेला. सोबत मीही होतो. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, सिकल आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, दुखणं जन्माचं. "शिवाय पोटात पानथरी असते, ती रोगाला अडवते. यांची सुकून गेली आहे. अंगातला पहारेकरीच गेला म्हणा ना! आता पहारा बाहेरून ठेवा. पाणी उकळून प्या, हात धुवा, आजारी माणसापासून लांब राहा. आणि ताप आला तर उद्या बघू म्हणायचं नाही. त्याच घडीला दवाखाना. उशीर केलात तर बाई हाती लागणार नाही."

दादा तिथंच रडायला लागला. वहिनी मात्र उठली, बाहेर औषधाच्या दुकानात गेली आणि थर्मामीटर घेऊन आली.

त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं राज्य सुरू झालं. दारात पाण्याची बादली आणि साबण. हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मी तंबाखूचा खर्रा खाऊन अंगणात थुंकलो तर मला झाडू देऊन ती जागा धुवायला लावली. अख्खी गल्ली पाहून राहिली होती!

सगळ्यात मोठं भांडण झालं धोट्यावरून. मागावर आडवा धागा घेऊन जातो तो धोटा. त्याच्यात सुताची कांडी भरली, की धाग्याचं टोक बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या ते तोंडानं ओढून काढत. आज बापानं ओढला, उद्या तोच धोटा पोरानं तोंडाला लावला. वहिनीनं केसातला आकडा सरळ केला, टोक वाकवलं आणि माझ्या हातात दिला.

"भाऊजी, आता याच्यानं धागा ओढा."

"वहिनी, मी विणकर आहो. कान कोरणारा नाही."

"तुमचा खोकला धोट्यावर, धोट्यावरून तुमच्या दादाच्या तोंडात, तिथून माह्या अंगात. मले मारता का?"

घेतला आकडा. आठवड्यानं गल्लीतले बाकीचेही आकडे मागायला आले, कारण धागा खरंच लवकर निघत होता. पण वहिनीचं बरोबर होतं असं एकानं कबूल केलं नाही. मीही नाही.

थर्मामीटर तिनं सुती धाग्यानं गळ्यात बांधला होता. कुणी शिंकलं, की साबणानं धुऊन त्याच्या तोंडात. पोस्टमन त्यातून सुटला नाही, दूधवाला सुटला नाही.

आता माझं दुःख ऐका. ब्याऐंशी साली पवनीचे गोपीचंद माझ्यासाठी आपल्या मुलीचं, कुसुमचं, स्थळ घेऊन आले. मुलगी मी एका लग्नात पाहिली होती आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नव्हतं. गोपीचंद ऐटीत ऑटोतून उतरले, धोतर सावरलं आणि दारातच शिंकले.

"मामाजी, आँ करा," वहिनी म्हणाली.

माझा होणारा सासरा तोंडात थर्मामीटर धरून बादलीजवळ बसला. हातानं खुणा करून राहिला, बोलता येत नव्हतं. गल्लीतली पोरं गोळा झाली. थर्मामीटर निघाला एकशे एकवर. वहिनीनं त्यांचा चहा बाहेरच पाठवला. चहा न पिता, सोयरीक मोडून ते परत गेले. पवनीला पोचल्यावर त्यांना मुदतीचा ताप निघाला, पंधरा दिवस अंथरुणात होते. वहिनी खरी ठरली, याचाच त्यांना जास्त राग आला.

मी वहिनीशी महिनाभर धड बोललो नाही. ती रोज माझं ताट वाढायची आणि म्हणायची, "भाऊजी, माह्यानं तुमचं वाटोळं झालं." मी म्हणायचो, "झालंच."

दोन वर्षं कुसुमनं बाकीची स्थळं नाकारली. शेवटी गोपीचंद नमले. चौऱ्याऐंशीच्या वैशाखात आमच्या घरी साक्षगंध ठरलं, म्हणजे साखरपुडा.

त्या दिवशी वहिनी पहाटेपासून राबत होती. कुसुमला घेऊन पाहुणे आले, सगळ्यांनी गुपचूप हात धुतले. गोपीचंद सतरंजीवर बसले. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि ते तिच्याकडे पाहतच राहिले. मग मीही पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता, तांब्या थरथरत होता आणि गळा रिकामा होता.

"बाई, तुमचा थर्मामीटर कुठं आहे?" गोपीचंदांनी विचारलं.

"धुवाले ठेवला जी. आज शुभ काम आहे."

"आधी तो आणा. मले दारात बसवलं होतं न? आता तुमी बसा. तोंड उघडा."

लोक हसायला लागले. वहिनी हसली नाही. "कुंकू लागू द्या, मग पाहू," ती म्हणाली. दादानं फडताळातून थर्मामीटर आणला. एकशे तीन.

हसणं तिथंच थांबलं.

"कधीपासून, वहिनी?" मी ओरडलो.

"सकाळपासून. एकदा मोडलं भाऊजी, अजून कशी मोडू?"

मला असा राग आला, की थोबाडीत द्यावी वाटलं, आणि त्याच वेळी तिच्या पायावर डोकं ठेवावं वाटलं. मी तिला उचललं. गोपीचंद माझ्यापुढं धावले आणि ज्या ऑटोनं आले होते त्यात जाऊन ओरडले, "बसवा लवकर! साक्षगंध कुठं पळून नाही चाललं!"

दवाखान्यात त्याच घडीला सुई दिली, सलाईन लावलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, दुपार उलटली असती तर हातचं गेलं असतं. गोपीचंदांनी तिथंच बाकावर, कुसुमला बोलावून, आमचं साक्षगंध उरकलं. कुंकू लावायच्या आधी सगळ्यांना हात धुवायला त्यांनीच पाठवलं.

आठव्या दिवशी वहिनी घरी आली. दवाखान्यात बसून बसून मला पडसं झालं होतं. मी अंगणात सीताफळाखाली खाट टाकली, ताटवाटी वेगळी घेतली. वहिनी दारातल्या बादलीजवळ थांबली.

"भाऊजी, तिकडं काहून बसले?"

"शिंका येऊन राहिल्या. तुमी आत जा."

"कोनं सांगतलं बाहेर बसाले?"

"कोनंच नाही."

तिनं पदर डोळ्याला लावला. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "साबण वेगळा घेतला न?"

"घेतला," मी म्हणालो, आणि मलाही रडू आलं.