काटा कशानं पडत होता

हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, तोंडात कडू साचलंय म्हणा.

लातुरात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. क्लासेसचं पेव फुटलं होतं तेव्हाची गोष्ट. एका क्लासची मिनीबस माझ्याकडं यायची. ड्रायव्हर करीमभाई. भूकंपाच्या सकाळी ढिगाऱ्यातून काढलेली माझी मावशी याच माणसानं जीपमध्ये घालून दवाखान्यात आणली होती. माणूस कसा आहे, हे मला ठाऊक नव्हतं का?

बसमधला, इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा बंद पडला. मी सेन्सर बदलला. दोन दिवसांनी काटा मधूनच शून्यावर पडू लागला. मी तपासलं की सगळं ठीक. "मिस्त्री, थंड असताना न्हाई, गरम झाल्यावरच पडून राहिलाय," करीमभाई सांगायचे. तीनदा सांगितलं. पण मी — एवढा नावाजलेला मिस्त्री — ड्रायव्हरचं ऐकू?

चौथ्या खेपेला क्लासचे सर सोबत आले. गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, जमत नसेल तर तसं सांगा. आणि मी — काय बोललो मी?

"गाडीत खोट न्हाई, सर. वायर ह्योच उपटतोय. इंजिन किती ताणलं ते दिसू नये म्हणून."

त्याच दिवशी करीमभाईंचं काम गेलं. असा शिक्का बसल्यावर लातुरात त्यांच्या हाती गाडी कोण देणार?

महिन्याभरानं नवा ड्रायव्हर तीच तक्रार घेऊन आला. या वेळी गरम इंजिनाखाली शिरलो. सेन्सरची वायर सायलेन्सरच्या पाइपाला टेकून वितळली होती. तिथून ती कुणी नेली होती? मीच, सेन्सर बदलताना. गुपचूप नवी वायर लांबून ओढली. सरांना म्हणालो, किरकोळ होतं.

काही वर्षांनी भोकरला गेलो होतो. स्टँडसमोर करीमभाई पंक्चर काढत बसलेले. त्यांनीच हाक मारली, बसवलं, चहा मागवला. मग हळूच विचारलं, "मिस्त्री, तो काटा कशानं पडत होता, कळलं का कधी?"

त्यात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"न्हाई कळलं," मी म्हणालो. त्यांचा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो, आणि उठलो.