आमगावची मूठ

तांदळात कणकी किती आहे ते सांगणारा प्रोग्राम आम्ही दोघांनी मिळून केला होता. स्कॅनरच्या काचेवर मूठभर तांदूळ पसरायचा, मग कॉम्प्युटर अख्खे दाणे आणि तुकडे वेगळे करून सांगे. कधी बरोबर, कधी साफ चूक. प्रयोगच होता तो. भागीदार नागपूरचा. कोड त्याचा, बाजार माझा. मी म्हणालो, याचं वेबसाइटवर पान करू, म्हणजे बाहेरगावचा माणूस सायबर कॅफेतून चित्र पाठवेल. तो हसला. "गोंदियाचे व्यापारी वेबसाइट उघडणार?" एवढं बोलून तो पुण्याला नोकरीवर निघून गेला. ते हसू मला अजून खुपतं.

पान मी एकट्यानं केलं, चुकत आणि शिकत. चित्र टाकायला एक चौकट, खाली उत्तर. त्यासाठी माझा चालता टायपिंग क्लास बंद केला होता. पान सुरू केलं त्या दिवशी बाजारातल्या एका जुन्या दलालाला बोलावलं. त्यानं नाक मुरडलं असतं, तर दुसरा कोणी माझ्या दारात आला नसता.

तो आमगावच्या एका गिरणीवाल्याचा तांदूळ घेणार होता, आणि त्या मालाच्या नमुन्याची पुडी त्याच्या खिशात होती. गिरणीवाला तिकडच्या कॅफेत बसला, इकडे माझा फोन स्पीकरवर. त्यानं आपली मूठ स्कॅन करून पाठवली आणि पानावर उत्तर आलं, कणकी अगदी कमी. मी खूश. दलाल मात्र उठून उभा राहिला.

"हे त्यानं निवडून टाकलं असन. माझ्या पुडीतला टाक."

"काऊन?" फोनमधून आवाज आला. "पुडी तुमच्या खिशात फिरून राहिली, काका. तिच्यात काय मिसळलं, कोणाले माहीत?"

"तुझ्या बापासंग धंदा केला मी!"

"म्हणूनच बाबा तुमच्यासमोर पोत्याचं तोंड सोडत नव्हते!"

चौकट एकच, आणि दोघंही मला विचारू लागले, तू कोणाच्या बाजूचा? माझं डोकं सटकलं.

"दोघांचंही टाकतो! मग काय भांडायचं ते भांडा!" मी ओरडलो. पान दुसऱ्या खिडकीत उघडलं आणि दलालाची पुडी काचेवर रिकामी केली.

दोन उत्तरं शेजारी शेजारी उमटली. फरक होता, पण थोडासाच. आता घासाघीस तेवढ्याच फरकावर चालली, आणि चहा यायच्या आत सौदा झाला.

निघताना दलाल म्हणाला, "इथं दोन जागा कर, बाबू. सौद्यात दोघं असतात."

त्याच आठवड्यात दोन चौकटी केल्या. माझं घर त्यावर उभं राहिलं. पुढे नागपूरच्या एका कार्यक्रमात भागीदारानं सांगितलं की दोन चौकटींची कल्पना त्याची. मी भर सभेत उठून त्याला नको नको ते बोललो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

दलाल आता नाही. गिरणीवाला आहे. घरचा तांदूळ मी त्याच्याकडूनच आणतो आणि त्याची मूठ कधीच काचेवर टाकत नाही. भावात मात्र सोडत नाही.