दहा सेकंदांत चार लाटा

माझ्या सख्ख्या भावाने माझा केसाने गळा कापला, असं मी म्हटलं की घरातली मंडळी हसतात. एका पेटीपायी एवढा राग, तोही इतकी वर्षं? हसा म्हणावं. ज्याचा गळा, त्याला माहीत.

साठचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हाची गोष्ट. बंगळुरात गाण्याच्या बैठकीला कचेरी म्हणतात. एका नावाजलेल्या गायिकेच्या मागे मी अकरा वर्षं तंबुरा घेऊन बसत होते. सगळे तिला अम्मा म्हणत, मीही म्हणायची. अम्मांचे फोटो छापून येत, त्यात माझा अर्धा खांदा असायचा. कार्यक्रमपत्रिकेत व्हायोलिनवाल्याचं नाव, मृदंगवाल्याचं नाव, माझं कधीच नाही. त्याचं मला काही वाटत नसे. माझं लग्न झालं नव्हतं, नोकरी नव्हती, वडिलांनी शिक्षण शाळेपाशीच थांबवलं होतं. “तू काय करतेस?” असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखी माझ्यापाशी अम्मांच्या मागची ती दोन हातांची जागा होती, बस्स.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमचं घराणं इथे येऊन तीनशे वर्षं झालेली, त्यामुळे घरात मराठी बोलायचं पण हाका कानडी. तो मला अक्का म्हणे, मी त्याला तम्मा. इंजिनिअर होऊन तो सरकारी कारखान्यात लागला. तिथे दिवसभर रेडिओची यंत्रं, आणि घरी आला की पुन्हा डाग द्यायची कांडी तापत ठेवायचा. सगळ्या घराला राळेचा वास. एके दिवशी म्हणाला, “अक्का, विजेवर चालणारा तंबुरा करतोय. स्वल्प मदत करशील?”

मी नाक मुरडलं. पण कुणीतरी आपली मदत मागतंय, तेही इंजिनिअर भाऊ, याने मी आतून फुलले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

रविवारची सकाळ आमची त्यातच जायची. मी तंबुरा लावायची आणि तो वहीत आकडे मांडायचा. त्याने मला समजावलं की सूर म्हणजे सेकंदाला किती कंपनं, एवढाच हिशेब. अम्मांचा ‘सा’ सोयीसाठी दोनशे धरला, तर जोडीच्या दोन तारा दोनशे-दोनशे, त्यांच्याखालचा पंचम दीडशे, खर्ज शंभर. खर्जाच्या तारेत न छेडता जो गांधार ऐकू येतो तो शंभराच्या पाचपट, म्हणजे पाचशे. अकरा वर्षं मी तो गांधार ऐकत होते आणि देवाची कृपा समजत होते. तो पाचाचा पाढा निघाला! मला वाईट नाही वाटलं, उलट मजा वाटली. पुढे मी स्वयंपाक करतानाही मनात सुरांचे गुणाकार करायला लागले.

चार महिन्यांनी तो विजेचा तंबुरा, म्हणजे आमची पेटी, वाजली. आकडे सगळे बरोबर. आणि आवाज मेलेला. नुसता पिठाच्या गिरणीसारखा सरळसोट, त्यावर गायचं कुणी? तम्माने भाग बदलून पाहिले, गणित तीनदा तपासलं. मग एका रविवारी डोकं धरून बसला, जेवायलाही उठेना. त्याचं उतरलेलं तोंड मला बघवेना.

तेव्हा मी त्याला ते सांगितलं. आजवर मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. जोडीच्या दोन तारा मी कधीच तंतोतंत सारख्या लावत नसे. दुसरी किंचित, अगदी किंचित उतरवायची. मग दोन्ही सूर मिळून हळूहळू एक लाट येते, जाते, पुन्हा येते. गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मला सापडलं होतं. अम्मा येईल त्याला सांगायच्या, या तंबुऱ्याचं लाकूडच जातिवंत आहे. मी मान डोलवायची आणि गप्प बसायची.

तम्मा ताडकन उठला. “दाखव.” मी तार उतरवली. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत लाटा मोजल्या. “दहा सेकंदांत चार! अक्का, म्हणजे एकीची दोनशे तर दुसरीची एकशे नव्याण्णव पूर्णांक सहा. दोन सुरांमधला फरक म्हणजेच लाटा!” त्याने मला आनंदाने मिठीच मारली. तासाभरात त्याने पेटीत तो फरक घातला आणि पेटी श्वास घ्यायला लागली. माझ्या अंगावर काटा आला. सरावाला काय छान होईल, असं माझ्या मनात आलं.

पुढच्या आठवड्यात येलहंक्याच्या सुताराकडून पेटीचं लाकडी खोकं आलं. पेटीवर घालायची गवसणी तम्माने कपाटात घडी करून ठेवली होती. चादरी शोधताना ती माझ्या हाती लागली. लालसर मरून रंगाचं रेशीम, काठाला मोर. ही अम्मांची साडी. त्याच साडीच्या अर्ध्या भागाची गवसणी माझ्या तंबुऱ्याला होती, अम्मांनी स्वतः शिवून दिलेली.

मी ती घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. तो खोटं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

“अम्मांनीच पेटी करायला सांगितलं होतं, अक्का. वर्ष झालं. दौऱ्यावर एक माणूस कमी न्यावा लागेल म्हणाल्या.”

“आणि मला?”

“तुला सांगू नको म्हणाल्या. तुला वाईट वाटेल.” वर म्हणाला, “आणि सांगितलं असतं तर तू मला तुझा कान दिला नसतास.”

म्हणजे सगळे रविवार. पाचाच्या पाढ्यापासून त्या मिठीपर्यंत. अम्मांचा राग आला, पण अम्मा परक्या. हा सख्खा. माझ्या ताटातला घास त्याने माझ्याच हातून काढून घेतला होता आणि वर मला शाबासकी दिली होती. मी गवसणी त्याच्या अंगावर फेकली. आठ दिवस आम्ही बोललो नाही.

रामनवमीच्या उत्सवात पेटीची पहिली कचेरी झाली. जायचं नाही असं ठरवून मी गेले. गूळपाण्याच्या पानकाचा पेला घेऊन बायकांत बसले. मांडवात उकाडा मी म्हणत होता, वर मोठमोठे दिवे. पहिलं गाणं छान झालं. शेजारची बाई म्हणाली, “तंबुरा कुठाय गं? आवाज तर येतोय.” दुसऱ्या गाण्यात पेटी तापली आणि लाटा भराभर यायला लागल्या. दहा सेकंदांत आठ, मग बारा, मग सुराचा नुसता थरथराट. व्हायोलिनवाल्याने मान वळवली. अम्मांचा ‘सा’ डळमळला. तम्मा पेटीमागे गुडघ्यावर बसून खुंट्या पिळत होता, पण त्याला गणित येत होतं, सुराचा कान नव्हता. त्याने गर्दीत मला शोधलं.

बसून राहायला हवं होतं. होऊ दे त्यांची फजिती, असं शंभरदा मनात म्हटलं. पण बेसूर ‘सा’ मला सहन होत नाही, त्याला मी काय करू? उठले, मंचावर गेले, खुंटी जरा फिरवली. चार लाटा परत आल्या. अम्मांनी मागे न बघताच तान घेतली. नंतर पुरी कचेरीभर मी पेटीमागे बसून होते. माझ्याच जागेवर, हातात तंबुऱ्याऐवजी एक खुंटी.

घरी येताच तम्माने वही उघडली. “अक्का, उकाड्याने सूर किती सरकतो ते कळलं तर उलट बाजूने वागणारा एक भाग घालता येईल. तू दर किती वेळाने फिरवत होतीस? आणि तोवर लाटा किती व्हायच्या?”

मी सगळं मोजलं होतं. त्यानेच शिकवलं होतं ना मोजायला. “कुठलं आठवतंय,” मी म्हटलं, “मी काय आकडे बघत होते?”

त्याने वही मिटली. आयुष्यात त्याच्याशी मी बोललेलं पहिलं खोटं ते. त्या खोट्याच्या आधाराने मी आणखी दोन वर्षं अम्मांच्या मागे बसले, पेटीची खुंटी धरून. अम्मा तुसडेपणाने वागल्या नाहीत. त्यांना वाटे, मी समजून घेतलं. तम्मा मात्र कारखान्यातून आला की त्या पेटीला उन्हात ठेवायचा, सावलीत ठेवायचा, आकडे लिहायचा. मी पापड लाटत लाटत बघत असायची आणि मनात म्हणायची, सापडू नये.

तिसऱ्या उन्हाळ्यात सापडलं. संध्याकाळी तो धावतच घरात आला, हातात म्हैसूरपाकाचा पुडा. पेटी अख्खी दुपार गच्चीवर तळपत होती आणि दहा सेकंदांत चारच्या पाच लाटा झाल्या नव्हत्या. त्याने एक तुकडा माझ्या तोंडात घातला.

“अक्का, सुटलीस तू त्या खुंटीतून,” तो म्हणाला.

त्याचा चेहरा मी नीट न्याहाळला. त्यात लबाडी नव्हती, अपराधीपणही नव्हतं. मला आनंद होईल असं त्याला खरोखर वाटत होतं. पेटीचं केव्हाच माफ केलं असतं मी. हे नाही करता आलं.