दुपारी बाराची गृहभेट

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आमचं ऑफिस भाड्याच्या दोन खोल्यांत. कपाट यायचं होतं, म्हणून फायली खिडकीत रचलेल्या. मी परिविक्षा अधिकारी. म्हणजे मुलांच्या कोर्टात आलेल्या पोरांच्या घरी जाऊन, त्यांना कोण सांभाळेल ते बघून अहवाल लिहिणारा. वय पंचविशीचं, रुबाब पन्नाशीचा.

एका चौदा वर्षांच्या मुलीच्या माझ्याकडे दोन फायली होत्या. एकीत ती अनाथ: आईवडील गेले, चुलत्यानं बालगृहात आणून सोडलं. दुसरीत चोर. दुष्काळात बालगृहाचा हौद चार दिवस कोरडा आणि टँकर रोज समोरून निघून जाई. हिनं एकदा त्याचा पाईपच सोडवून घेतला आणि त्यावर बसून राहिली. "आमचा हौद भर, मग ने तुझा पाईप." ड्रायव्हरनं हौद भरला आणि फिर्यादही दिली. एका फायलीत मी तिला 'बिचारी' लिहिलं, दुसरीत 'बेरकी'. एकाच आठवड्यात.

तिची मावशी नांदेड जिल्ह्यात, बिलोलीच्या बाजूला राहायची. ती सांभाळायला तयार असेल तर मुलगी सुटणार होती. नाहीतर अठराची होईपर्यंत लांबच्या सुधारगृहात. मी गेलो. बाराला पोचलो तर दाराला कुलूप. परतीची एसटी एकला. ओट्यावर बसून लिहिलं: 'मावशी घरी आढळली नाही. मुलीस सांभाळण्यास उत्सुक दिसत नाही.'

त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी ते वाचून दाखवलं. मुलगी माझ्याकडे वळली.

"साहेब, कितीला गेलते?"

"बाराला."

"दुष्काळात बाराला घरी कोन सापडतंय? समदं गाव रोजगार हमीवर खडी फोडायलंय. कुत्री बी तिकडंच हायती!"

शिपाई हसला, न्यायाधीशबाईही हसल्या. मला पुन्हा जायला सांगितलं.

तारखेच्या आदल्या दिवशी थेट रस्त्याच्या कामावर गेलो. मावशी हातोडी घेऊन बसली होती. सगळं ऐकलं आणि उठलीच.

"चुलता तर म्हनला, पोरगी शाळेत लई मजेत हाय! चला."

"अहो, आजचा खाडा पडेल तुमचा."

"पडू द्या की!"

एसटीत तिनं फडक्यातली भाकरी माझ्यापुढं धरली. "खावा साहेब. लईच वाळलाव. सरकार जेवू घालीत न्हाई व्हय?"

मी दीड भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशबाई तिच्यावरच रागावल्या. "आधी पोरगी नको होती, आता कशा आलात?"

"कोन म्हनलं नको?"

"साहेबांच्या अहवालात आहे, 'उत्सुक दिसत नाही'."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी फायलीची नाडी सोडून पुन्हा बांधत बसलो. ती न्यायाधीशबाईंकडं वळली.

"म्हनले आसंन, बाई. चुकलं माझं. आता द्या पोरगी."

दिली. दोघी एकमेकींना धपाटे घालत, हसत कोर्टाच्या पायऱ्या उतरल्या. मुलगी मागं वळून ओरडली, "साहेब, पुढल्या टायमाला सांजच्याला जावा!" मीही हसलो, हात केला.

त्या मावशीनं माझी नोकरी सांभाळली, आणि मी अहवालात तिच्यावरचा ठपका तसाच राहू दिला. आज ऑफिसात कोणी विचारत नाही, तरी सांगतो. 'पोरगी नको' असं ती कधीच म्हणाली नव्हती. ते वाक्य माझं होतं.