शंभर सोडले, किती परतले?

“शंभर सोडले होते. परतले किती?” बेरजेची रेघ ओढण्याआधी बाई हे विचारायच्याच. विचारताना आकडेमोडीच्या यंत्राची मूठ घट्ट धरून ठेवायच्या. उत्तर मिळेपर्यंत यंत्र बंद.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. आमची संशोधन संस्था ट्रॉम्बेच्या रस्त्यावर होती. मी पाचोऱ्याहून आलेला, घरातला पहिला पदवीधर. बाई आमच्याकडे आकडेमोड करायला होत्या. माहेर अकोल्याकडचं, बिऱ्हाड घाटकोपरच्या चाळीत, शिक्षण मॅट्रिक. हाताने फिरवायचं ते यंत्र आणि कोष्टकांची जाड पुस्तकं, एवढं त्यांचं राज्य. तिथे संस्थेचे प्रमुखसुद्धा विचारून हात लावत.

माझा विषय सांगतो, घाबरू नका. स्फटिकाच्या पृष्ठभागावर हेलियमचे अणू आपटले की ते लाटांसारखे ठरावीक दिशांनीच उसळतात. आम्ही प्रत्येक अणू चेंडूसारखा एका मार्गाने जातो असं धरायचो. मग एकाच दिशेला निघालेल्या मार्गांची बेरीज मात्र लाटांसारखी करायचो.

“म्हणजे जाताना चेंडू, मोजताना लाट. सोयीप्रमाणे!” बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “चालतं ना?”

“चालतं, बाई.”

“मग चालू दे. पण आपटले तेवढे परत आले पाहिजेत. तिथेच चिकटून बसणारे नाहीत ना?”

माझ्या गणितात नव्हते.

परिसंवादाला आठ दिवस उरले होते. आयुष्यातला पहिला शोधनिबंध मी मोठ्या लोकांपुढे वाचणार होतो. घरी पत्र गेलं होतं. वडिलांना वाचता येत नाही म्हणून ते त्यांनी माझ्या जुन्या गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं होतं. आणि बाईंनी बेरीज पुढे सरकवली.

“अहो पाचोरेकर, शंभर गेले आणि एकशे एकवीस आले. वरचे एकवीस कुणाचे पाहुणे?”

मी म्हणालो, “सगळ्या आकड्यांना एक पूर्णांक एकवीस शतांशाने भागा. शंभर होतील.”

मूठ हलली नाही. “मी नाही भागणार. तुम्ही भागा. पण त्या कागदावर माझी सही मागू नका.”

तपासलेल्या प्रत्येक कागदाखाली बाई सही करत. ती नसलेला कागद आमच्याकडे कुणी हातात घेत नसे. दोन दिवस मी फुरंगटून बसलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवलं.

“इथपर्यंत चढ, इथून उतार. उताराचे आकडे सगळे उणे. वर्गमूळ काढण्याआधी उणे पुसा, असं तुम्हीच लिहिलंय.”

“उण्याचं वर्गमूळ कोष्टकात नसतं, बाई.”

“कोष्टकात नसतं म्हणून अणूला पण नसतं?”

मी तो रकाना पुन्हा वाचला. त्या उण्यातच सगळं होतं. चढाचा उतार होतो त्या वळणापलीकडच्या मार्गाची लाट पाव लाटेने सरकते, हे ते चिन्ह सांगत होतं, आणि मी तेच पुसून टाकलं होतं. बाईंनी सगळे रकाने पुन्हा केले. मनगटाला फडकं बांधून चार दिवस मूठ फिरवली. बेरीज आली अठ्ठ्याण्णव.

“दोन कुठे राहिले?”

“ऐन वळणापाशी आपली पद्धत तोकडी पडते.”

“मग तसं लिहा की. लाज कसली त्यात?”

मी तसंच लिहिलं. परिसंवादात एका ज्येष्ठांनी नेमकं बेरजेचंच विचारलं. मी ताठ मानेने अठ्ठ्याण्णव सांगितलं, आणि बेरीज कुणी तपासली तेही. बाईंचं नाव आभारात नव्हतं, शीर्षकाखाली माझ्या शेजारी होतं. प्रमुखांनी भुवया उंचावल्या होत्या, पण मी खोडलं नाही. छापील प्रत बघून बाई एवढंच म्हणाल्या, “आडनाव बरोबर छापलंय. झकास.” दुपारी मात्र ती प्रत त्यांनी झाडूवालीपासून सगळ्यांना दाखवली.

पुढे संगणक आला आणि बाईंची बदली ग्रंथालयात झाली. जाताना त्यांनी तो बेरजेचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. अठ्ठ्याण्णवच्या पुढे पेन्सिलीने लिहिलं होतं : “दोन यायचे आहेत.” खाली सही.

ते यायला सहा-सात वर्षं लागली. तोवर बाई नोकरीतून मोकळ्या झाल्या होत्या. वळणापाशीही टिकणारी नवी पद्धत वापरून मी जुनं गणित पुन्हा केलं, आणि बेरीज शंभर आली. तसाच घाटकोपरला गेलो. दार त्यांच्या भाचीने उघडलं. “मावशी गेली. दोन महिने झाले.” भिंतीवर चौकटीत आमच्या निबंधाचं पहिलं पान होतं.

परतल्यावर तो कागद काढला. त्यांच्या ओळीखाली लिहिलं, “आले.”

सहीची जागा मोकळी ठेवली.