अण्णाचा दुसरा गळ

गळाला कणकेची गोळी न लावताच मी तासभर नदीत दोरी सोडून बसलो होतो.

अण्णा, माझा थोरला भाऊ, दर रविवारी उजाडायच्या आत कृष्णेवर मासे धरायला जायचा. जाताना मला हाक मारायचा. "पुढच्या रविवारी नक्की," असं मी पांघरुणातूनच म्हणायचो. वीस वर्षं हे एकच उत्तर मी इमानाने दिलं. गेल्या महिन्यात अण्णा गेला, आणि आज मी आपणहून पहाटे उठलो.

पाण्यावर पातळ धुकं होतं. मासा लागला की कळावं म्हणून दोरीला बांधलेला मोरपिसाचा देठ पाण्यात उभा होता, जराही हलत नव्हता. पलीकडे एक टिटवी ओरडली आणि मग तीही थांबली. मला वाटलं, अण्णाला माशांचं फारसं काही नसावं. शेजारी आपलं माणूस गप्प बसलेलं असावं, एवढंच त्याला हवं असेल. मी घरात अखंड बोलतो, तेव्हा मला गप्प बसलेलं बघायची हौसही असेल.

होडी बांधायला आलेल्या म्हाताऱ्या गंगाराम भोयाने माझी दोरी ओढून पाहिली.

"मोकळाच की वो गळ."

"विसरलो."

"अण्णा दोन गळ आणायचे. दुसऱ्यालाबी कणीक लावून ठेवायचे, धाकटा येतोय म्हणून." त्याने रिकामा गळ माझ्या हातात दिला. "तवा आला न्हाईसा. आता उठलाय व्हय?"