पोळ्यांवर मोजलेला प्रोसेसर

संगणकाचा वेग पोळ्यांवर मोजणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच निघाला, आणि तो नेमका माझा शेजारी. खापरखेड्याच्या वीज केंद्रातल्या या गृहस्थांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेला संगणक घरी आणला आणि त्याचे प्रोसेसर बदलत बसण्याचा छंद लावून घेतला. प्रोसेसर म्हणजे चाळीस पायांची बोटभर काळी वडी. यंत्राचा सगळा मेंदू तिच्यात. नायलॉनचा शर्ट घातलेल्या पाहुण्याला ते घरात घेत नसत, कारण त्याच्या अंगातली वीज त्या वडीला बाधते. माझ्या साडूला त्यांनी तासभर ओसरीवर बसवून ठेवलं होतं. मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर संगणकाकडे तोंड करून चाले. "आपल्याले घाम तरी येते. त्याले येत नाही," ते म्हणत.

चाचणीत संगणक एक लांबलचक गणित सोडवी. ते संपेपर्यंत स्वयंपाकघरात वहिनींच्या किती पोळ्या होतात, तो त्या प्रोसेसरचा वेग. पोळ्या जितक्या कमी, तितका तो चलाख. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. "घड्याळ उन्हात पुढे पळते. हिचा हात बावीस वर्षांत चुकला नाही गा." वहिनींना मोजायची मनाई होती, मोजताना हात मंदावतो म्हणून. "त्या डब्यापरीस मलेच बदलून टाका," त्या लाटता लाटता म्हणत. मोजणी माझ्याकडे होती.

सहा महिने पत्रं लिहून लिहून त्यांनी मुंबईहून एक नवा प्रोसेसर मिळवला. त्या दिवशी आधी जुना लावला. ते पडद्याला डोळे लावून बसलेले, वहिनींची पाठ माझ्याकडे, मी कचेरीतून उपाशी आलेलो, आणि समोर वाफाळत्या पोळ्या. तीन खाल्ल्या. गणित संपलं तेव्हा चवडीत आठ उरल्या होत्या, मी आठ सांगितल्या. मग नवा लावला. माझं पोट भरलेलं असल्यामुळे ही मोजणी अत्यंत प्रामाणिक झाली : नऊ.

 त्यांनी नवा प्रोसेसर काढून आगपेटीत ठेवला आणि संगणकावर जुनी चादर टाकली. "आपल्याले समजत नाही यातलं," म्हणाले. पुढे ती चादर कधी निघाली नाही. मी रोज सांगायचं ठरवी आणि रोज चहा पिऊन परत येई.

गेल्या महिन्यात अखेर सांगितलं. जुन्याच्या वेळी अकरा झाल्या होत्या, तीन मी खाल्ल्या; तुमचा नवाच जिंकला होता. मला वाटलं, हाकलून देतील. ते उठले, कपाटातून आगपेटी काढली आणि ती काळी वडी तळहातावर घेऊन, लहान मुलाला पास झाल्याचं सांगावं तसं तिच्याकडे पाहत राहिले. वहिनींना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

"पुन्हा लावून पाहू," मी म्हणालो.

"लावू ना गा," ते म्हणाले. "पण पोळ्या कोणाच्या मोजाच्या?"